छपाईचें शेवटचें वाक्य

ग्रंथपरीक्षणाच्या अखेरीस एक ठराविक वाक्य येत असतें. कागद, छपाई व बांधणी चांगली असून किंमत माफक आहे, असा त्याचा आशय असतो. हें वाक्य लिहिणाऱ्यानें छपाई खरोखर न्याहाळली असेल, असें मानण्यास आम्हांस फारसा आधार दिसत नाहीं. कवीच्या यतिभंगावर अर्धें पान खर्चणारा परीक्षक त्याच ओळींतील फुटक्या रफाराकडे काणाडोळा करतो. आमच्या मतें ही टीकेंतील उणीव आहे. देवनागरी अक्षर तीन मजल्यांचें : वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्यें अक्षर, खालीं उकार. तें कागदावर कोणत्या रीतीनें उतरतें, यावर वाचकाच्या हातीं काय पडतें हें अवलंबून असतें.

सन १८३१ मध्यें गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस मराठी पंचांग शिळाछापावर काढलें. घोटलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट शाईनें मजकूर उठवावयाचा, शिळा ओली करावयाची आणि मग शाईचा रूळ फिरवावयाचा. तेल व पाणी यांचें सख्य नसल्यामुळें शाई केवळ मजकुरास धरते. या रीतींत पोथीचें वळण जसेंच्या तसें उतरे व वेलांटी अक्षरापासून तुटत नसे. मात्र शिळेवर चूक दुरुस्त करणें अवघड. १८९४ मध्यें मुंबईंत निघालेल्या रविवर्मा प्रेसचीं चित्रेंही याच तत्त्वावर, रंगागणिक निराळी शिळा योजून छापलीं गेलीं.

खिळ्यांच्या छपाईचें तत्त्व निराळें. तेथें अक्षर उंच असतें. रूळ त्याच्या माथ्यास शाई लावतो व कागद वरून दाबला जातो. जावजी दादाजी यांनीं १८६४ सालीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. या कामीं राणोजी रावजी आरू यांच्या हातचें कसब त्यांस लाभलें. झिजलेला खिळा पुसट उठे, बाहेर डोकावणारा उकार मोडे, हे या रीतीचे दोष खरेच. परंतु जुळारी एकेक खिळा हातांत घेई; त्यामुळें प्रत्येक अक्षरावरून निदान एका माणसाची नजर फिरलेली असे. हा गुण आम्ही सौंदर्याहूनही मोठा मानतों.

आज पुस्तकें बहुधा ऑफसेटवर छापलीं जातात. अमेरिकेंत १९०४ च्या सुमारास आयरा रुबेल यांनीं कागदी छपाईस लावलेली ही रीत म्हणजे शिळाछापाचीच नात. शिळेच्या जागीं पातळ पत्रा आला. पत्र्यावरील ठसा प्रथम रबरी आवरणावर व तेथून कागदावर उमटतो. थोड्या प्रती हव्या असल्यास पत्र्यावांचून, संगणकावरून थेट छपाई होते.

पुस्तकाबाहेरील छपाईही टीकाकारानें पाहावी. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस महामार्गाकडे जातांना गोखिवरें लागतें. तेथें आज औद्योगिक गाळे आहेत. अशा गाळ्यांतील मालास खोका, पिशवी, चिठ्ठी लागते आणि त्यांसाठीं आणखी तीन रीती प्रचारांत आहेत. ग्रॅव्ह्युअरमध्यें रुळावर सूक्ष्म खळगे कोरलेले असतात. वरची शाई पातें पुसून काढतें व खळग्यांतील शाई कागदावर जाते. रूळ महाग, म्हणून प्रती पुष्कळ हव्यात; शिवाय बारीक अक्षराच्या कडा किंचित् दातेरी येतात. फ्लेक्सोमध्यें ठसा उंच परंतु मऊ असतो. दाब वाढला कीं अक्षर फुगून त्याचें पोट भरतें. स्क्रीनमध्यें शाई जाळींतून गाळली जाते. तिचा थर जाड, त्यामुळें बाटलीवर वा कापडावरही ती शोभते. पिशवीवरील नांव पुसट आलें तर गिऱ्हाईक माल परत करतो. पुस्तकाचा वाचक मात्र सारें मुकाट्यानें सोसतो.

आणि सोसावें लागतें तें थोडेंथोडकें नाहीं. संगणकांतील अक्षरसंच मराठीच्या बेतानें निवडला नाहीं, तर आपल्या वळणाचे ल व श जाऊन हिंदी वळणाचे येतात. ‘आचाऱ्यास’ या शब्दांतील अर्धा र जाऊन तेथें रफार बसला, कीं ‘आचार्यास’ होतें आणि स्वयंपाकी एका क्षणांत गुरुपदास चढतो. ‘गोखिवऱ्याचा’ हा साधा शब्दही या परीक्षेस पुरेसा आहे. यांत ऑफसेटचा कांहीं अपराध नाहीं. पत्र्यावर जें आहे तें तो हजारों वेळां इमानानें छापतो. खिळे गेले यांचें आम्हांस दुःख नाहीं. खिळ्याबरोबर ती नजर गेली, हें मात्र खटकतें. तिची जागा मुद्रितें तपासणाऱ्यानें घ्यावयास हवी होती, आणि त्याच्यावरच खर्च करण्यास पुष्कळ प्रकाशक कुरकुरतात.

म्हणून परीक्षकानें तें शेवटचें वाक्य एकतर पारखून लिहावें, नाहींतर गाळावें. छापखान्याचें नांव घ्यावें, अक्षरसंचाचे गुणदोष सांगावे, अशुद्धें मोजावीं. घरोघरीं मुलें लेखनाचे नियम पुस्तकाच्या पानावरूनच उचलतात. छापलेलें तें शुद्ध, हा त्यांचा भाबडा विश्वास असतो. त्या विश्वासाचा हिशेब मागण्याचा हक्क विकत घेणाऱ्या प्रत्येकास आहे.