मुक्कामाची कादंबरी

जपानी साहित्याशी मराठी वाचकाचा परिचय बहुतांशी दोन वाटांनी झाला. एक वाट हायकूची. ती शिरीष पै यांनी मराठीत रुळवली. दुसरी प्रवासवर्णनाची. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मध्ये (१९६३) जपानने बरीच जागा व्यापली आहे, आणि प्रभाकर पाध्ये यांनी तर आपल्या जपानविषयक पुस्तकाला ‘तोकोनोमा’ असे, तेथील खोलीतल्या शोभेच्या कोनाड्याचेच, नाव दिले. या दोन्ही वाटांनी आपल्याला पुष्कळ दिले, यात शंका नाही. परंतु त्यांनी एक सवयही लावली: जपानी म्हटले की क्षणात उमटणारे सौंदर्य टिपायचे आणि पुढे चालू लागायचे. यासुनारी कावाबाता यांची ‘युकिगुनी’, म्हणजे ‘हिमदेश’, ही कादंबरी या सवयीने वाचली तर तिचा निम्मा भाग हातून निसटतो, असे माझे मत आहे. तो निम्मा भाग कोणता, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

कावाबाता यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे एडवर्ड सायडेनस्टिकर यांनी १९५६ मध्ये केलेल्या या कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराचा वाटा मोठा आहे. आपणही ती त्याच भाषांतरातून वाचतो. भाषांतरकाराने प्रस्तावनेत लेखकाचे नाते हायकूशी जोडून दिले आणि पुढचे वाचक त्याच खुणेवरून चालत राहिले. आगगाडीच्या काचेत संध्याकाळच्या डोंगरांवर तरंगणारे तरुणीचे प्रतिबिंब, बर्फात उमटलेली शांतता, शेवटची आकाशगंगा, यांची स्तुती इतकी झाली आहे की तीत भर घालण्याची गरज नाही.

कादंबरी घडते ती गरम पाण्याच्या झऱ्यावरील एका यात्रिगृहात. अशा झऱ्याला तिकडे ओन्सेन म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या यात्रिगृहाला रियोकान. १९३१ मध्ये शिमिझु बोगदा खुला झाला आणि टोकियोचा माणूस डोंगरापलीकडच्या बर्फाळ मुलुखात सहज जाऊ लागला. १९३४ पासून तीन-चार वर्षे कावाबाता एचिगो-युझावा येथील ‘ताकाहान’ या रियोकानात वारंवार जाऊन राहिले व तेथे लिहीत गेले. १९३५ पासून प्रकरणे निरनिराळ्या मासिकांतून आली, १९३७ मध्ये पुस्तक झाले, आणि लेखकाच्या मनाजोगता अखेरचा पाठ निघाला तो १९४८ मध्ये. म्हणजे ही कादंबरी सुचली आणि मुख्यतः लिहिली गेली ती एका पाहुण्याच्या खोलीत. गावाचे नाव मात्र तिच्यात कोठेही येत नाही.

मला या यात्रिगृहाचे महत्त्व उमगले ते पुस्तकातून नव्हे. २०२३ च्या शरदात मुलीने आम्हां उभयतांना हाकोने येथे एका रियोकानात दोन रात्री ठेवले. दारात जोडे काढायचे, तातामीच्या चटयांवर अनवाणी चालायचे, अंग आधी बाहेर स्वच्छ धुऊन मगच कुंडात उतरायचे, हे सर्व वाचून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते असे की तेथे पाहुण्याला काहीच करावे लागत नाही. जेवण ठरल्या वेळी खोलीत येते. आपण स्नानास गेलो की तेवढ्यात गाद्या घातलेल्या असतात. खोलीची व्यवस्था पाहणारी बाई, तिला नाकाई म्हणतात, गुडघ्यांवर बसून सरकते दार उघडते, आणि आपण खिडकीतून डोंगर पाहत बसतो. मी युकाता उजवी बाजू वर घेऊन गुंडाळला होता. तिने काही न बोलता तो सोडवून डावी बाजू वर करून दिला. उजवी वर असते ती प्रेताची, हे मुलीने मागाहून सांगितले. ती बाई माझ्याहून वयाने मोठी असावी. रात्री नऊला ताटे उचलून गेलेली, सकाळी सातला न्याहारी घेऊन पुन्हा दारात.

त्या दुसऱ्या सकाळी मला आमची प्रवासी मंदिरे आठवली. लेखा खात्यात असताना कोषागारांच्या तपासणीसाठी मी अर्ध्या उत्तर कर्नाटकात फिरलो. तालुक्याच्या गावी प्रवासी मंदिरात उतरायचे, खानसामा गरम पाणी ठेवणार, भाकरी करणार, आणि आपण व्हरांड्यात बसून चिंचेची झाडे पाहणार. एका ठिकाणी तर मी अकरा वर्षांत सात वेळा उतरलो. खानसाम्याचे नाव आज मला सांगता येत नाही. झाडे मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत. हाकोनेहून परतल्यावर उणकलच्या तळ्याकाठी सकाळचा फेरा झाला की एका बाकावर बसून मी ‘हिमदेश’ पुन्हा वाचून काढली. ती मला वेगळी दिसली.

कादंबरीचा नायक शिमामुरा हा वडिलोपार्जित पैशावर जगणारा टोकियोचा गृहस्थ. पाश्चात्त्य बॅलेवर तो लेख लिहितो. बॅले त्याने कधी पाहिलेला नाही. तो तीनदा त्या यात्रिगृहात येतो आणि तीनही वेळा कोमाको ही तरुणी त्याच्या खोलीत येते. पहिल्या भेटीत ती संगीतशिक्षिकेच्या घरी राहणारी, गरज पडल्यास मेजवानीत मदत करणारी मुलगी आहे. दुसऱ्या भेटीत ती गेशा झालेली आहे, आणि शिक्षिकेच्या आजारी मुलाच्या औषधोपचारासाठी तिने तो व्यवसाय पत्करला असे गावात बोलले जाते. तिसऱ्या भेटीत ती कराराने बांधली गेली आहे. हिशेबाच्या माणसाला हा क्रम पटकन दिसतो. शिमामुराच्या दृष्टीने ऋतू बदलतात: वसंत, हिवाळा, शरद. कोमाकोच्या दृष्टीने प्रत्येक वेळी देणे वाढलेले असते. लेखकाने दोन्ही मांडले आहे. आपण ऋतूच तेवढे वाचतो.

कोमाको वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची नोंद ठेवते: नाव, लेखक, पात्रे, त्यांची परस्पर नाती. शिमामुराला ते व्यर्थ श्रम वाटतात, आणि त्याच व्यर्थतेत त्याला तिचे सौंदर्य दिसते. पुष्कळ टीकाकार येथे शिमामुराबरोबर माना डोलावतात. पण हे व्यर्थ म्हणण्याचा अधिकार त्याला दिला कोणी? जो न पाहिलेल्या नृत्यावर लिहितो त्याने? कावाबाता हे विचारत नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून ते बाजूला होतात, आणि त्यांचा कठोरपणा नेमका येथे आहे.

याहून तीव्र प्रसंग शब्दांचा आहे. शिमामुरा आधी तिला चांगली मुलगी म्हणतो. थोड्या वेळाने, नकळत, चांगली बाई म्हणतो. ती थबकते, अर्थ विचारते, मग संतापते आणि रडते. इंग्रजीत हा फरक काहीसा फिका पडतो. मराठीत ‘गुणाची पोर’ आणि ‘बाई चांगली आहे’ यांतले अंतर कोणालाही फोडून सांगावे लागणार नाही. पहिल्यात माया आहे. दुसऱ्यात गिऱ्हाइकाचा अभिप्राय. ही कादंबरी मराठीत आणू पाहणाऱ्याने आपली परीक्षा या पानावर घ्यावी.

यात्रिगृहातील पाहुण्याची ही नजर कावाबातांच्या आधीही जपानी गद्यात आहे. नात्सुमे सोसेकी यांच्या ‘कुसामाकुरा’मधील (१९०६) चित्रकार माणसांच्या सुखदुःखापासून अलिप्त राहण्यासाठीच झऱ्यावरच्या मुक्कामी जातो, आणि शेवटी स्थानकावर युद्धावर निघालेल्या तरुणाची गाडी त्याला पाहावी लागते. शिगा नाओया यांची ‘किनोसाकी येथे’ ही कथा (१९१७) तर फारच थोडक्यात सर्व सांगते. आगगाडीच्या धक्क्यातून वाचलेला माणूस झऱ्याच्या गावी विश्रांतीस येतो. मेलेली मधमाशी पाहतो, जिवाच्या आकांताने पोहणारा उंदीर पाहतो, आणि सहज फेकलेल्या दगडाने त्याच्याच हातून पाण्याकाठचा एक जीव मरतो. नुसते पाहणारा म्हणून तो आला होता.

आपल्याकडे अशी कथा का नाही, हा विचार मनात येतो. झरे आपल्याकडेही आहेत: वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, राजापूरचे उन्हाळे. पण आपले उष्णोदक देवाच्या मालकीचे. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी अप्पांच्या वसईविजयाशी जोडलेले. कुंडात बुडी मारली की पाय देवळाकडे वळतात. मुक्काम पडलाच तर धर्मशाळेत, आणि धर्मशाळेत तीन दगडांची चूल आपली आपण मांडायची. तेथे सेवा घेणारा पाहुणा नाही, म्हणून त्याच्या नजरेचा प्रश्नही नाही. आमचा खरा रियोकान म्हणजे सरकारी बंगला, आणि त्याच्यावर लिहिताना आम्ही भुताच्या आणि कोंबडीच्या गोष्टींपलीकडे क्वचितच गेलो.

कोणी म्हणेल, अशा वाचनाने कलाकृतीचा जमाखर्च होतो आणि सौंदर्य उडून जाते. या आक्षेपाला उत्तर कादंबरीतच आहे. चिजिमी नावाचे तलम कापड त्या मुलुखात विणले जाई. हिवाळाभर बर्फाने कोंडलेल्या मुली सूत काढीत, विणीत, आणि बर्फावर पसरून ते शुभ्र करीत. शिमामुराजवळ असे जुने कपडे आहेत आणि तो ते दरवर्षी पुन्हा बर्फावर शुभ्र करण्यासाठी पाठवतो. विणणाऱ्या कधीच गेल्या, कापड राहिले, हे त्याला ठाऊक आहे. या पानांइतके सुंदर गद्य त्या पुस्तकात क्वचितच असेल, आणि त्यातला एकही धागा श्रमापासून सुटा करता येत नाही. शरदातल्या खोलीत मरून पडणाऱ्या किड्यांचेही तसेच. तो ते बारकाईने निरखतो. मेलेला किडा उचलून टाकताना टोकियोत ठेवून आलेली मुले त्याला क्षणभर आठवतात, तेवढीच.

तो चिजिमीचा मुलूख पाहून परततो त्याच रात्री गावातील रेशीमकोशांच्या गोदामाला आग लागते. तेथे सिनेमाचा खेळ चालू असतो. पहिल्या पानावर ज्या योकोचे प्रतिबिंब काचेत दिसले होते ती सज्ज्यावरून खाली पडते. कोमाको धावत आत जाते आणि तिला उचलून बाहेर आणू लागते. शिमामुरा पुढे होऊ पाहतो, पण योकोला कोमाकोच्या हातून घेण्यास सरसावलेल्या गावच्या माणसांच्या धक्क्याने तो मागे ढकलला जातो. तोल सावरताना त्याची मान वर होते आणि आकाशगंगा त्याच्यात कोसळल्यासारखी होते. वाचक ती आकाशगंगा घेऊन पुस्तक मिटतो. त्याआधीचा तो धक्का पुन्हा वाचावा. ती माणसे त्याला ओळखत नव्हती आणि तो त्यांच्या वाटेत उभा होता.