नोंदवही आणि वस्त्र : तेलंगणा 'युनक' कायद्यावरील निकालाची चिकित्सा

तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीचे मराठीतील विवेचन बहुधा २०१४ च्या 'नालसा' निकालापासून सुरू होते आणि कलम ३७७ संबंधीच्या २०१८ च्या निकालापाशी थांबते. दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाचे आहेत. राज्यांच्या कायद्यांना दिलेल्या आव्हानांकडे त्यामानाने कमी लक्ष गेले आहे. जुलै २०२३ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने (मुख्य न्यायमूर्ती उज्जल भुयान व न्या. सी. व्ही. भास्कर रेड्डी) 'तेलंगणा युनक कायदा, १३२९ फसली' घटनाबाह्य ठरविला. वैजयंती वसंता मोगली व इतरांनी २०१८ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवरील हा निकाल मराठवाड्यातील वाचकास परका वाटू नये. कायदा झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता.

प्रथम कायद्याची संहिता पाहू. मुले पळविणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा अनैसर्गिक कृत्य करणे यांचा ज्यांच्यावर 'संशय' आहे अशा 'युनकां'ची नोंदवही ठेवावी, असे हा कायदा सांगतो. हैदराबाद शहर व सरकार ठरवील ती अन्य ठिकाणे ही त्याची कक्षा. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर स्त्रीवेशात वा दागिने घालून दिसली, सार्वजनिक ठिकाणी नाचली किंवा तिने वाद्य वाजविले, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालील मुलगा तिच्या ताब्यात आढळला, तरीही शिक्षा. म्हणजे गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर नाही. एकदा नाव नोंदवहीत गेले की लुगडे, बांगड्या आणि ढोलकी हाच पुरावा.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकास एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. १३२९ फसली म्हणजे इसवी सन १९१९-२०. याच १९१९ मध्ये 'एकच प्याला' रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने मराठी प्रेक्षकांना वेड लावले. पुरुषदेहावरील स्त्रीवेश एका ठिकाणी कलेचा परमोत्कर्ष ठरत होता, दुसऱ्या ठिकाणी तुरुंगाचे कारण. यावरून कायद्याचा आक्षेप वस्त्रावर नव्हताच, हे स्पष्ट होते. तो वस्त्र नेसणाऱ्या विशिष्ट समुदायावर होता. घटनेच्या कलम १४ खालील वर्गीकरणाची कसोटी लावायची तर नेमकी येथेच लावावी लागते.

न्यायालयाने हा कायदा मनमानी, खासगीपणावर आक्रमण करणारा आणि प्रतिष्ठेवर आघात करणारा ठरविला. निष्कर्ष निर्विवाद आहे. मात्र युक्तिवादाचा भार प्रतिष्ठा व खासगीपणा यांवर अधिक पडल्याने संशयाच्या यंत्रणेची, म्हणजेच नोंदवहीची, चिकित्सा मागे राहते असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. न्यायालयाने इतिहास लिहावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु ही यंत्रणा इतकी दीर्घायुषी का ठरली, याचे उत्तर इतिहासातच आहे.

अशा कायद्यांना 'वसाहतवादी वारसा' म्हणून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, आणि हैदराबादचा कायदा त्याच साच्यातला, हे खरे. पण ब्रिटिश हिंदुस्थानात १९११ च्या नव्या कायद्यात तो भाग राहिला नाही. त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी एका देशी संस्थानाने तो आपलासा केला. पुढे संस्थान गेले, १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला, तरी हा कायदा आधी 'आंध्र प्रदेश (तेलंगणा क्षेत्र)' आणि मग 'तेलंगणा' असे नाव धारण करून टिकला. नाव बदलताना मजकूर कोणी वाचलाच नसावा! त्याचे पालकत्व इंग्रजांकडे सोपविणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे पोलीस कायद्यात कलम ३६-अ घालण्यात आले ते २०११ मध्ये, लोकनियुक्त विधिमंडळाकडून. आणि त्यातही तीच नोंदवही, तोच संशय. न्यायालयात आव्हान दिले गेल्यानंतर राज्याने 'युनक' हा शब्द काढून 'व्यक्ती' हा शब्द घातला. शब्द सभ्य झाला. संशयितांची यादी ठेवण्याचा अधिकार मात्र कलमात राहिला. तेलंगणाच्या खंडपीठाने संपूर्ण कायदाच रद्द केला, हे त्याचे श्रेय या तुलनेत अधिक ठळक होते.

निकालाचा दुसरा भाग शिक्षण व शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण आणि 'आसरा' निवृत्तिवेतन यांविषयीच्या आदेशांचा आहे. वस्तुतः आरक्षणाचा निर्देश 'नालसा'मध्येच होता. नऊ वर्षांनी उच्च न्यायालयास तो पुन्हा द्यावा लागला. 'नालसा'ने तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्ग मानण्यास सांगितले. पण मग दलित वा आदिवासी तृतीयपंथीयाने कोणत्या रांगेत उभे राहावे, याचा उलगडा त्यातून होत नाही. कर्नाटकाने २०२१ मध्ये राज्यसेवेत १ टक्का समांतर आरक्षण दिले. त्यामुळे तेथे मूळ प्रवर्ग न सोडता अर्ज करता येतो.