मांडव्याचा प्रश्न

महाभारताच्या आदिपर्वातील अणीमांडव्याची कथा पुराण-कीर्तनाच्या श्रोत्यांना अपरिचित नाही. चोरांनी मुद्देमाल आश्रमात दडविला. मौनव्रती ऋषी राजपुरुषांपुढे बोलले नाहीत आणि सुळावर चढविले गेले. पुढे त्यांनी धर्मराजाला कारण विचारले, तेव्हा बालपणी पाखरांना काडीने टोचल्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. निरूपण पुष्कळदा येथेच थांबते आणि 'कर्म कोणालाही चुकत नाही' एवढेच तात्पर्य श्रोत्यांच्या पदरी पडते.

आमच्या मते हे कथेचे अर्धेच वाचन होय. मांडव्यऋषी ते उत्तर मान्य करीत नाहीत. अल्प अपराधाला एवढा दंड देणाऱ्या न्यायाधीशालाच ते शाप देतात आणि चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचे पातक लागणार नाही, अशी मर्यादा घालून देतात. धर्माला विदुर होऊन जन्मावे लागते. शूद्रयोनीतील जन्म हा दंड मानणे हे मात्र कथेतील वैगुण्यच. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही.

वयाची ही मर्यादा कोठे घालावी, हा वाद आजही मिटलेला नाही. २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर उसळलेल्या लोकक्षोभातून २०१५ चा बालन्याय कायदा झाला. घोर अपराधाचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि अपराधावेळची परिस्थिती बालन्याय मंडळ तपासते; त्यानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

पाखराला टोचणे आणि माणसाचा जीव घेणे एक नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पीडिताचे दुःख अपराध्याच्या वयाने उणावत नाही. परंतु अपराध जितका भयंकर तितका मुलगा प्रौढ, हे गणित खोटे आहे. ही पारख नाजूक असून तिला मानसशास्त्राच्या जाणकारांचे साहाय्य हवे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये बजावले आहे.

राजाने पुढे मांडव्यांची क्षमा मागितली. पण सूळ निघेना, तो कापावा लागला आणि त्याचे टोक देहातच राहिले. आमच्या कीर्तनकारांनी ही कथा इथपर्यंत आणि त्याही पुढे, शापापर्यंत सांगावी, एवढीच आमची विनंती आहे.