पाकिटाचा डाव

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘डी-स्कूल’ने नवख्यांना डिझाइनची तोंडओळख व्हावी म्हणून ‘वॉलेट प्रोजेक्ट’ नावाचा एक खेळवजा उपक्रम रचला. साहित्य साधं: कागद, पेन, चिकटपट्टी, फॉइल. दोघादोघांच्या जोड्या, घड्याळाचा धाक आणि जेमतेम दीड तासाचा डाव. पण बांधणी एखाद्या घट्ट एकांकिकेसारखी आहे.

पहिला प्रवेश मुद्दाम फसवा. आदर्श पाकीट काढा, अशी सूचना येते. मुलं उत्साहाने कप्पे, चेन, कार्डांच्या खाचा रेखाटतात आणि लगेच ते चित्र बाजूला ठेवायला सांगितलं जातं. ज्याच्यासाठी पाकीट करायचं, त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं! हेच व्याख्यानात ऐकलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. इथे ते स्वतःच्याच चित्राकडे पाहून उमगतं.

मग जोडीदाराची चार मिनिटांची मुलाखत. त्याने पाकीट उघडून आतल्या वस्तू दाखवायच्या. ही जुनी पावती कशाला जपलीस? हा फोटो कुणाचा? त्यानंतर तीन मिनिटांची दुसरी मुलाखत. आधीच्या बोलण्यात जिथे काही लपल्यासारखं वाटलं, तिथेच ‘का’ विचारत खोल जायचं. या डावातली सर्वांत सुंदर जागा मला हीच वाटते. पहिल्या खेपेला माणूस पाकिटाबद्दल बोलतो: फार जाड झालंय, वेळेवर काही सापडत नाही. दुसऱ्या खेपेला तो स्वतःबद्दल बोलू लागतो. खर्च हाताबाहेर जाण्याची धास्ती तेव्हा कुठे बाहेर पडते.

पुढची अट बारीक आणि मार्मिक आहे: जोडीदाराला काय साधायचं आहे, ते क्रियापदात लिहायचं. ‘नवं पाकीट’ असं नाही, तर ‘महिनाअखेरीपर्यंत पैसे पुरवणं’ असं. एवढ्याने उत्तर पाकीटच असलं पाहिजे ही सक्ती गळून पडते. मग पाच कल्पना चितारून जोडीदारापुढे ठेवायच्या, समर्थन न करता त्याचं म्हणणं ऐकायचं आणि सुधारलेली कल्पना सात मिनिटांत कागद-फॉइलमधून उभी करून त्याच्या हाती द्यायची.

प्रत्येक जण इथे डिझायनर असतो तसा क्लायंटही. आपलं बोलणं समोरच्याने अर्धवट ऐकलं की कसं वाटतं, हे त्याला दुसऱ्या बाजूनेही कळतं. काळजी घेण्याचा संस्कार होतो तो या अदलाबदलीतून.

उणीव एकच. वर्गमित्र हा सोयीचा क्लायंट असतो: समवयस्क, समजूतदार, खिशातले पैसे न घालवणारा. खऱ्या कामात घरातली चार माणसं चार गोष्टी मागतात. त्या ओढाताणीला या डावात जागा नाही. म्हणून आपल्याकडच्या शिक्षकांनी तो वर्गात जरूर खेळवावा, पण दुसऱ्या फेरीला विद्यार्थ्यासमोर कुणाची तरी आजी किंवा कोपऱ्यावरचा दुकानदार बसवावा.