मूक अक्षरांची साक्ष

जपानी भाषेंत 'आवाज' या अर्थाचा शब्द आज 'कोए' असा उच्चारतात; प्राचीन काळीं तो 'कोवे' असा होता. तेराव्या शतकापर्यंत 'वि' व 'वे' हे उच्चार 'इ' व 'ए' यांत मिसळून गेले. त्यांचीं अक्षरें मात्र राहिलीं. १९४६ च्या लेखनसुधारणेनें तीं नित्य लेखनांतून काढून टाकलीं. उच्चारानुसार लेखन असावें, हा सुधारकांचा आग्रह विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें रास्तच होय. परंतु या अक्षरांस निरुपयोगी म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. सतराव्या शतकांत केइचू या बौद्ध भिक्षूनें 'मान्योशू' आदि प्राचीन ग्रंथ पडताळले, तेव्हां त्यांत या वर्णांची अदलाबदल सहसा होत नाहीं असें त्यास आढळलें. कानांनीं विसरलेला भेद लेखनानें जपला होता. म्हणूनच जपानी लोक प्राचीन काव्यें छापतांना तीं अक्षरें आजही राखतात.

आमच्याकडे १९६२ च्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, याचा आम्हांस खेद नाहीं. मात्र गद्य मूळ लेखनानुसार छापण्याचा नियम विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वींच्या ग्रंथांपुरताच ठेविला आहे, ही मर्यादा फार संकुचित होय. नवें लेखन नव्या वळणानें व्हावें. जुन्यावरील खुणा पुसूं नयेत.