'वर्ण' आणि 'वंश' : परदेशी नेतृत्वाचे मराठी वाचन

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी ऋषी सुनक ब्रिटनच्या पंतप्रधानपदी आले, तेव्हा एक श्वेतेतर व्यक्ती त्या पदावर प्रथमच येत असल्याचा अर्थ काय, हा तेथील भाष्यकारांपुढील एक प्रमुख प्रश्न होता. बेंगळुरूत मात्र त्यांची ओळख नात्याने सांगितली गेली. अक्षता मूर्ती यांच्याशी त्यांचा विवाह २००९ मध्ये याच शहरात झाला होता. त्यामुळे ते कन्नडमध्ये 'अळिय' आणि मराठीत 'जावई' ठरले. एकाच घटनेच्या या दोन वाचनांमागे हितसंबंधांचा भेद आहे, तसाच भाषेच्या घडणीचाही आहे.

इंग्रजीतील 'रेस' ही संकल्पना मराठीत दोन शब्दांत विभागली गेली आहे. 'वर्णद्वेष' या शब्दातील 'वर्ण' कातडीच्या रंगाकडे निर्देश करतो आणि चातुर्वर्ण्याचे स्मरणही जागवतो. 'वंश' हा शब्द मानवसमूहाचा वाचक आहे, तसाच कुळाचाही. 'वंशावळ' आणि 'वंशाचा दिवा' हे त्याचे नित्य परिचयाचे आप्त होत. 'भारतीय वंशाचे पंतप्रधान' या शब्दप्रयोगात समूहवाचक अर्थ मागे पडतो व कुळवाचक अर्थ पुढे येतो. सुनक यांचे पितृकुल गुजराँवाला येथील. हे शहर आज पाकिस्तानात आहे. तेथून पूर्व आफ्रिका आणि पुढे ब्रिटन असा या कुटुंबाचा प्रवास साम्राज्यांतर्गत स्थलांतराचा इतिहास आहे. कुळकथेत तो केवळ तपशील म्हणून उरतो.

लिओ वराडकर यांच्या उदाहरणात ही प्रक्रिया अधिक स्पष्ट दिसते. जून २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि मालवण तालुक्यातील वराड हे त्यांच्या वडिलांचे मूळ गाव मराठी बातम्यांच्या केंद्रस्थानी आले. डब्लिनमध्ये जन्मलेल्या, आयरिश मातेच्या या पुत्राला 'मराठमोळा' हे विशेषण मिळाले. आपण समलिंगी असल्याचे वराडकर यांनी जानेवारी २०१५ मध्येच जाहीर केले होते, आणि त्याच वर्षी आयर्लंडने सार्वमताने समलिंगी विवाहास मान्यता दिली होती. भारतात मात्र प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कलम ३७७ अन्वये गुन्हा होते. ज्या गावाचा सुपुत्र म्हणून त्यांचा गौरव होत होता, त्या गावाला लागू असलेल्या कायद्याने त्यांच्या सहजीवनाला गुन्हा ठरवले असते. कुळाचा अभिमान आणि हा कायदा यांतील विसंगती गौरवकथेला सामावून घेता येणारी नव्हती.

आप्तसंबंधाची ही परिभाषा स्वतःच्या नियमांशी तरी प्रामाणिक राहते का? पितृवंशीय व्यवस्थेत सून पतीच्या कुळात प्रवेश करते. जावई पत्नीच्या कुळाचा होत नाही. या न्यायाने सोनिया गांधी यांचे आपलेपण सुनक यांच्यापेक्षा अधिक सिद्ध ठरावयास हवे होते, आणि त्यांच्या समर्थकांनी 'देशाची सून' हा युक्तिवाद केलाही होता. तथापि १९९९ मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा व तारिक अन्वर यांनी 'विदेशी मूळ' हा प्रश्न उपस्थित केला, त्यातून राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष जन्मास आला, आणि मे २००४ मध्ये त्याच प्रश्नावरील विरोधाच्या वातावरणात सोनिया गांधी यांनी पंतप्रधानपद नाकारले. तेथे विवाहापेक्षा जन्म निर्णायक मानला गेला. सुनक यांच्या बाबतीत मात्र साउथॅम्प्टन येथील जन्म आड आला नाही.

परक्या देशात 'वंश' अभिमानाचे कारण ठरतो आणि स्वदेशात तोच अपात्रतेचा निकष होतो. म्हणून अशा वृत्तलेखनाचा तौलनिक अभ्यास करताना 'रेस'चा प्रतिशब्द अचूक आहे की नाही, एवढे तपासून भागणार नाही. जन्म, विवाह आणि कूळ यांपैकी कोणता आधार कोणासाठी पुढे केला जातो आणि कोणासाठी नाकारला जातो, याची नोंद घ्यावी लागेल. 'जावई' या शब्दातील जिव्हाळा खरा असू शकतो. परंतु त्या जिव्हाळ्यामुळे 'आपल्याकडे सर्वोच्च पदासाठी कोण पात्र मानले जाते?' हा प्रश्न विचारावाच लागला नाही.