मायक्रोफोनच्या जागेवरून

महागड्या हेडफोनबद्दल लिहिताना एक वाक्य हमखास येतं: 'गायक समोर बसून गातोय असं वाटलं.' गेले आठ महिने मी इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनवर आणि घरी बनवलेल्या अँप्लिफायरवर प्रामुख्याने ख्याल ऐकतोय, आणि या वाक्याशी माझं भांडण आहे. गायकाच्या समोर बसून जे कधीच ऐकू येत नाही, ते यातून ऐकू येतं.

आधी यंत्राबद्दल. नेहमीच्या हेडफोनमध्ये चुंबक असतो, तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्याला चिकटवलेला पडदा. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये वेटोळं नाहीच. एक-दोन मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा पडदा दोन जाळीदार पट्ट्यांच्या मध्ये ताणून बसवलेला असतो. आपला केस याच्या कितीतरी पट जाड. पडद्यावर विद्युतभार कायम ठेवायचा आणि दोन्ही पट्ट्यांना गाण्याचा सिग्नल एकमेकांच्या उलट द्यायचा. मग पडदा एका ठिकाणी ढकलला न जाता सबंधच्या सबंध हलतो. जपानच्या स्टॅक्सने असा हेडफोन १९६० साली बाजारात आणला. त्यांच्या आजच्या हेडफोनच्या पडद्याला ५८० व्होल्टचा बायस लागतो. सिग्नलही शेकडो व्होल्टचा, करंट मात्र नगण्य. फोनला किंवा लॅपटॉपला हे जोडताच येत नाहीत, स्वतंत्र अँप्लिफायर लागतो.

तो बनवायला मला पाच महिने लागले. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला हे काम वेगळीच शिस्त लावतं. कोड चुकला तर एरर येते. इथे बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. एक हात खिशात ठेवून मोजमापं घ्यायची, ही जुन्या लोकांची शिकवण मी पाळली. पण स्वतः सोल्डर केलेलं यंत्र कानाला गोड लागणारच. म्हणून एका मित्राचा विकतचा अँप्लिफायर शेजारी ठेवला, दोन्हींची पातळी मीटरने सारखी केली आणि मित्राला न सांगता अदलाबदल करायला लावली. माझी उत्तरं निम्म्याच्या आसपास बरोबर आली; नाणं उडवूनही तेवढीच आली असती. तेव्हा 'उबदार', 'मखमली' वगैरे विशेषणं मी माझ्या अँप्लिफायरला लावणार नाही. हेडफोन बदलला की मात्र फरक पहिल्या काही सेकंदांतच कळतो.

तो कळतो तानपुऱ्यावर. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. तार घोडीला निसटती घासत राहते आणि तिच्यातून वरचे स्वर फुलत जातात. मिरजेचे कारागीर हे काम कानाने करतात. साध्या हेडफोनवर चारही तारांचा मिळून एक सपाट पडदा तयार होतो. इथे प्रत्येक तार वेगळी छेडलेली कळते, आणि छेडल्यानंतर तिचा नाद कसा उमलत गेला तेही. पडदा इतका हलका आहे की तो पटकन हलतो आणि पटकन थांबतो. तबल्याच्या चाटेवरचं बोट असंच लख्ख. डग्ग्याची मींड स्पष्ट, पण छातीत बसणारा धक्का नाही. घुमारा ऐकू येतो, अंगावर येत नाही.

कुमार गंधर्वांच्या मैफलींची रेकॉर्डिंग लावली आणि माझं ऐकणं अडखळलं. क्षयाने त्यांचं एक फुफ्फुस जवळजवळ निकामी केलं होतं; छोट्या, धारदार तुकड्यांत गाण्याच्या त्यांच्या शैलीची चर्चा करताना हा आजार नेहमी निघतो. हे मी वाचून होतो. आता दोन तुकड्यांमधला श्वास ऐकू यायला लागला, तो घेण्याची घाईसुद्धा. काही दिवस मी गाणं सोडून श्वासच ऐकत होतो. तिसऱ्या रांगेतल्या श्रोत्याला हा श्वास ऐकू गेला नसणार. तो टिपला मायक्रोफोनने, गायकाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. त्या जागी कधीच कुणी बसलेलं नव्हतं.

मग ही जवळीक खोटी म्हणायची का? मला तसं वाटत नाही. कुमारजी १९९२ साली गेले. माझा जन्म त्यानंतरचा. तिसरी रांग माझ्या वाट्याला येणारच नव्हती. माझ्यासाठी शिल्लक राहिलेली जागा मायक्रोफोनचीच. फक्त तिथे बसून 'मी बैठक ऐकली' असं म्हणू नये. सभागृहाची हवा, शेजाऱ्याची हलणारी मान, दाद मिळाल्यावर गायकाचं बदलणं, यांतलं फार थोडं फितीवर उतरतं.

ही जागाही रेकॉर्डिंग देईल तेवढीच. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली. तीच मी ऐकली. खरखर आवाजापासून सुटी होऊन बाजूला पडते, ही या हेडफोनची मोठी मेहरबानी. पण तबकडीत न उतरलेले वरचे स्वर कुठलाही पडदा परत आणू शकत नाही. जुन्या गाण्यांच्या 'स्वच्छ' केलेल्या काही प्रती तर इथे उघड्याच पडतात. खरखर पुसताना तानांची शेपटंही पुसली गेली आहेत, आणि गायिका एखाद्या गादी घातलेल्या खोलीत गात असल्यासारखी वाटते. अशा वेळी मी मुकाट्याने खरखरवाली प्रत लावतो.

राग कळायला, लयीशी चाललेला खेळ कळायला हे हेडफोन लागत नाहीत. चार-पाच हजारांचे बरे हेडफोन पुरतात. यांच्यावर कळतं ते रेकॉर्डिंग: मायक्रोफोन कुठे ठेवला होता, नंतर कुणी काय खरवडलं, काय वाचलं. ज्यांचं गाणं आता फक्त फितींवर उरलंय त्यांच्यासाठी मला हे मोलाचं वाटतं. जे आज गात आहेत त्यांच्यासाठी तिकीट काढावं आणि तिसरी रांग गाठावी. डग्गा तिथे अंगावर येतो.